बाटलीतले मैदान

हल्ली नववीच्या वर्गात पाऊल ठेवले की मुले दिसण्याआधी त्यांचा वास येतो. लिंबाची साल नखाने खरवडावी तसा आधी एक झोत, मागोमाग पुदिना, मग कुठला तरी समुद्र आणि सगळ्यात शेवटी सुताराच्या दुकानातल्या ताज्या भुशाचा वास. वर्गातल्या दहाबारा जणांनी तोच फवारा मारलेला असतो. मी विज्ञानाचा शिक्षक. त्या दिवशी फळ्यावर आकृती काढायला घेतली आणि शिंका सुरू झाल्या. चौकशी केली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाच्या दप्तरातून काळी बाटली निघाली. तिच्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'स्पोर्ट' आणि खाली बारीक अक्षरांत 'पुरुषांसाठी' असे छापलेले होते.

मी त्याला उभे केले आणि सहज विचारले, "कौनसा स्पोर्ट खेलते हो?"

तो खाली बघत म्हणाला, "कोई नहीं सर. खेलेंगे किधर?"

वर्ग हसला. मला हसता आले नाही. कारण त्याने थट्टा केली नव्हती, प्रश्न विचारला होता. वाचकहो, तोच प्रश्न मी आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

मी मूळचा कोकणातला. नोकरी भिवंडीत, उर्दू माध्यमाच्या शाळेत. आमच्या शाळेला मैदान नाही. शारीरिक शिक्षणाचा तास वेळापत्रकात आहे. पण त्या तासाला कधी गच्चीवर हातपाय हलवायचे, पावसाळ्यात तेही नाही. दहावीच्या वर्गाचा तो तास मी स्वतः कितीतरी वेळा विज्ञानाचा अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी मागून घेतला आहे. म्हणजे दोष देताना पहिले बोट माझ्याकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

ज्या मुलाची बाटली मी काढून घेतली, त्याचे वडील यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात. मुलगा संध्याकाळी त्याच कारखान्यात कांड्या भरायला बसतो. मागाचे तेल आणि सुताची तूस कपड्यांत अशी मुरते की एका धुण्यात निघत नाही. घरी सात माणसे, आणि नळाला पहाटे पाऊण तास पाणी. त्या पाण्यात आधी स्वयंपाक, मग पिणे, मग वडिलांची अंघोळ. मुलाच्या वाट्याला बहुतेक वेळा वजूपुरते पाणी येते. तो एका शिकवणीला जात होता, तिथे सगळ्या माध्यमांची मुले येतात. शेजारच्या मुलाने बाक बदलला. पुढचे त्याच्याच शब्दांत सांगतो : "सर, वो बोला, तुझ्या अंगाला कसला वास येतो रे. फिर मैं आठ दिन गया नहीं. ये ख़रीदा, तब गया."

आठवडाभर भरलेल्या कांड्यांची मजुरी त्या बाटलीत गेली होती. मी तिला चैन समजलो होतो. ती चैन नव्हती, शिकवणीच्या बाकावर बसण्याची फी होती.

आता जरा त्या बाटलीत काय असते ते पाहू, कारण वाद घालायचा तर वस्तू माहीत असावी. पुरुषांच्या सुगंधांचा हा 'ताजा आणि लाकडी' घाट गेल्या चाळीसेक वर्षांतला. १९८२ साली 'द्राकार नॉयर' आणि १९८८ साली 'कूल वॉटर' हे दोन सुगंध आले आणि बाजार त्यांच्या मागे लागला. दोन्हींत डायहायड्रोमिरसेनॉल नावाचे द्रव्य भरपूर वापरले होते. नाव अवघड, पण वास प्रत्येकाच्या ओळखीचा : लिंबू, लॅव्हेंडर आणि थंडगार पत्रा एकत्र केल्यासारखा. महागड्या सुगंधात येण्यापूर्वी हे द्रव्य साबणात आणि धुण्याच्या पावडरीत वापरले जात होते. म्हणूनच तो वास आला की आपल्याला 'धुतलेले' वाटते. ते तयार होते टर्पेंटाइनमधल्या पायनिनपासून, म्हणजे देवदाराच्या जातीतल्या झाडांच्या डिंकापासून. त्यात कलिंगड आणि समुद्री वारा यांची आठवण देणारे कॅलोन मिसळले, तळाला सिडारचे लाकूड ठेवले, की पुढे नाव काय द्यायचे एवढेच उरते. 'स्पोर्ट' हे त्यांतले सर्वात चाललेले नाव. शनेलसारख्या घराण्याने २००४ साली 'अल्यूर ओम स्पोर्ट' काढले, डिओरने २००८ साली 'डिओर ओम स्पोर्ट'. पॅरिसच्या काचेतून निघालेले हे नाव काही वर्षांत आपल्या गल्लीतल्या जनरल स्टोअरच्या फळीवर येऊन बसले.

या सुगंधातला एक लाकडी घटक तर आपल्या घरातलाच आहे. इंग्रजी-फ्रेंच यादीत 'वेटिव्हर' असे लिहिलेले असते. हा शब्द मूळचा तमिळ, आणि वस्तू म्हणजे आपला वाळा. उन्हाळ्यात माठात जुडी टाकतो तो वाळा. आज जगाच्या सुगंधी बाजाराला त्याचे तेल मोठ्या प्रमाणावर हैती या गरीब देशातून जाते. कनौजला तांब्याच्या देगेत त्याचाच हिरवट रूह-खस निघतो. ज्या मुलाच्या घरी माठात टाकायला पाणी पुरत नाही, तो वाळ्याची नक्कल परदेशी नावाने अंगावर फवारतो, हा आपल्या काळाचा हिशेब आहे.

आणि खेळाचे काय? विज्ञान सांगते की ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या घामावर त्वचेवरचे जिवाणू काम करतात तेव्हा वास तयार होतो. खेळून आलेल्या मुलाला घामाचा, मातीचा, गवताचा, फाटक्या चेंडूच्या रबराचा वास येतो. 'स्पोर्ट' लिहिलेल्या बाटलीत यातले काहीही नसते. तिच्यात खेळ संपल्यानंतरच्या अंघोळीचा वास असतो. म्हणजे ही बाटली अशा माणसासाठी बनवली आहे, ज्याच्याकडे मैदान आहे, खेळायला वेळ आहे आणि नंतर उभे राहायला भरपूर पाण्याचा फवारा आहे. आमच्या मुलाकडे यांतली एकही गोष्ट नाही. त्याला फक्त शेवटचा वास विकला जातो.

विकणारे काय सांगून विकतात, तेही आपण दूरचित्रवाणीवर पाहिले आहे. ॲक्स हा फवारा १९८३ साली फ्रान्समध्ये निघाला आणि १९९९ साली भारतात आला. त्याच्या जाहिरातीतला पुरुष काही करत नाही, फक्त फवारतो. बायका धावत येतात. पुढे सगळ्यांनी तोच कित्ता गिरवला. २०११ साली केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला अशा जाहिरातींबद्दल जाहिरात मानक परिषदेला सांगावे लागले. तरीही मजल कुठवर गेली पाहा. २०२२ च्या जून महिन्यात 'शॉट' नावाच्या एका फवाऱ्याच्या जाहिरातींत एकटी मुलगी, चार पुरुष आणि सामूहिक बलात्काराची आठवण व्हावी असे द्व्यर्थी संवाद दाखवले गेले. देशभर संताप झाला, तेव्हा मंत्रालयाने त्या जाहिराती काढायला लावल्या. 'पुरुषांसाठी' या बारीक अक्षरांचा अर्थ आमची चौदा वर्षांची मुले अशा ठिकाणी शिकतात. घरात त्याविषयी कोणी बोलत नाही. शाळेत आम्ही बोलत नाही. मशिदीत बोलणे होते, पण कशावर होते ते आता सांगतो.

बाटल्यांचा बोभाटा झाला आणि पालकांची सभा बसली. शाळेचे विश्वस्त होते, मोहल्ल्यातली चार प्रतिष्ठित माणसे होती. मला विज्ञानाचा माणूस म्हणून बोलावले होते. प्रश्न एकच : फवाऱ्यात अल्कोहोल असते का? मी म्हटले, असते. पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात दुसरी द्रव्ये मिसळलेली असतात. झाले! पुढचा दीड तास त्या अंगाने नमाज होते की नाही यावर गेला. एक बुजुर्ग म्हणाले, मुळीच होत नाही. दुसरे म्हणाले, द्राक्षाच्या आणि खजुराच्या दारूला जो नियम, तो कारखान्यातल्या स्पिरिटला नाही. दोन्ही मते मानणारे उलेमा आहेत, आणि त्या बाबतीत निवाडा देण्याची माझी पात्रता नाही. ज्याला शंका असेल त्याने टाळावे. पण त्या दीड तासात कोणीही विचारले नाही की या मुलांना फवारा लागतो कशासाठी. शेवटी ठराव झाला : शाळेत फवारा बंद, बाटली सापडल्यास जप्त. मैदानाचा विषय मी काढला तेव्हा उत्तर मिळाले, "सर, तो आजच्या विषयात नाही."

आपल्या समाजाची ही जुनी सवय आहे. वस्तू हलाल की हराम हे ठरले की आपण सुटकेचा श्वास टाकतो. बाटलीवर बंदी घालायला एक ठराव पुरतो. मैदान द्यायचे तर जमीन, पैसा आणि वेळ लागतो. म्हणून आपण बाटलीवर बोलतो.

दीनच्या नजरेनेच बघायचे तर क्रम तरी नीट बघा. जुम्याच्या दिवशीची सुन्नत सगळ्यांना पाठ आहे : गुस्ल, मिस्वाक, मग खुशबू. खुशबू शेवटी आहे. माझे आजोबा शुक्रवारी न्हाणीतून बाहेर आले की मगच अत्तरदाणीला हात लावीत. कापसाचा छोटासा फाया खसच्या अत्तरात बुडवून कानाच्या पाळीत ठेवीत. न्हाण्याआधी अत्तर लावलेले मी त्यांना कधी पाहिले नाही. मात्र त्यांच्या न्हाणीजवळ विहीर होती. आम्ही मुलांना खुशबूचे नियम सांगतो आणि विहिरीचे विसरतो.

सभेत आणखी एक सूर निघाला. "हे फिरंगी फवारे कशाला? आपले अत्तर आहे की!" हा सूर मलाही गोड वाटतो. अत्तराचा इतिहास आपल्या अभिमानाचा आहे, यात शंका नाही. नवव्या शतकात अल-किंदीने सुगंधाच्या रसायनावर ग्रंथ लिहिला, त्यात शंभराहून अधिक कृती आहेत. कनौजच्या अत्तराला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण अभिमानाने डोळे झाकू नयेत. अल-किंदीच्या त्याच ग्रंथात महागड्या सुगंधी वस्तूंच्या नकला करण्याच्याही कृती आहेत! आणि आज मोहम्मद अली रोडवर अत्तराच्या दुकानात जा. चंदनाच्या तेलावर उतरवलेले खरे अत्तर परवडते कोणाला? छोट्या शिशीत तीन-तीन मिलीने जे खपते त्यात 'कूल वॉटर'ही असते आणि 'स्पोर्ट'ही असते. तीच कारखान्यातली द्रव्ये, फक्त अल्कोहोलऐवजी दुसऱ्या द्रावकात मिसळलेली. त्यावर 'अल्कोहोलविरहित' लिहिले की आमचा जीव शांत होतो. म्हणून 'आपले अत्तर' आणि 'त्यांचा फवारा' हे भांडण मला पोकळ वाटते. मुलाच्या अंगाला तेलाचा वास येतो तो यातल्या कोणत्याही शिशीने जात नाही. तो पाण्याने जातो. आणि तेल ज्या कामामुळे लागते, ते काम चौदाव्या वर्षी त्याच्या माथी मारलेले असते.

आता मैदानाबद्दल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवे याची यादी आहे. स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, कुंपण, आणि त्याच यादीत खेळाचे मैदान आहे. हा कायदा पहिली ते आठवीसाठी. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की तो अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू होत नाही. आपल्या संस्थाचालकांनी त्या निकालाचे स्वागत केले, आपल्या शाळांची स्वायत्तता टिकली म्हणून. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे म्हटले. न्यायालयात जे व्हायचे ते होईल. माझा प्रश्न साधा आहे. स्वायत्तता मिळाली ती मुलांना मैदान देण्यासाठी वापरली की मैदान न देण्यासाठी? कायद्याने मागितले नाही म्हणून आपण द्यायचेच नाही का? अनुच्छेद ३० ने आपल्याला शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे. मुलांना गच्चीवर कोंडण्याचा दिलेला नाही.

आमच्या शाळेमागे एकेकाळी मोकळी जागा होती. जुने विद्यार्थी सांगतात, तिथे कबड्डी व्हायची. आज तिथे शादीखाना आहे. विश्वस्तांची बाजूही मी लपवणार नाही. शादीखान्याच्या भाड्यावर विनाअनुदानित तुकडीच्या दोन शिक्षकांचा पगार निघतो. ते माझे सहकारी आहेत, त्यांना मुलेबाळे आहेत. गरीब मोहल्ल्यातल्या मुलींची लग्नेही तिथे कमी भाड्यात होतात. म्हणून शादीखाना पाडा, असे मी म्हणत नाही. पण लग्ने संध्याकाळी लागतात. सकाळी तो हॉल आणि त्याच्यापुढचे फरसबंद अंगण कुलपात असते. तिथे पाण्याची मोठी टाकी आहे, हात धुण्याच्या नळांची रांग आहे, चार न्हाणीघरे आहेत. पाहुण्यांसाठी हे सगळे आपण करू शकलो. स्वतःच्या मुलांसाठी सकाळी दोन तास त्याचे कुलूप काढता येत नाही?

राहिली एक गोष्ट, आणि ती मला वर्गातल्या मुलीने शिकवली. बाटली जप्त केली त्याच दिवशी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने मला विचारले, "सर, लड़कियों का स्पोर्ट नहीं आता क्या?" पुन्हा वर्ग हसला. मुलांसाठी निदान गच्ची तरी आहे, मुलींना तीही नाही. कोणी बघेल म्हणून. 'पुरुषांसाठी' हे शब्द बाटलीवर कंपनीने छापले. आमच्या गच्चीच्या दारावर ते आम्हीच लिहून ठेवले आहेत. गंमत म्हणजे गुलाबाच्या अत्तराचे श्रेय जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच्या सासूला, नूरजहाँच्या आईला दिले आहे. गरम गुलाबजलावर तरंगणारा तेलाचा थर त्या बाईने ओळखला. आणि खेळाचेच म्हणाल तर निझामाबादच्या निखत झरीनने २०२२ साली इस्तंबूलला मुष्टियुद्धाचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. तिला कोणीतरी कुलूप काढून दिले असेल तेव्हाच ना? आमच्या पहिल्या बाकावर बसणारी मुलगी काय करू शकते हे आपल्याला ठाऊक नाही, कारण तिला आपण कधी धावताना पाहिलेच नाही.

मी बाजाराच्या विरोधात नाही. चांगला वास यावा असे प्रत्येकाला वाटते, आणि वाटावे. माझा राग दोघांवर आहे. जो चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्याच अंगाची लाज वाटायला लावून मग त्या लाजेवर बाटली विकतो, त्याच्यावर. आणि जो ती बाटली हिसकावून घेतो पण लाजेचे कारण तसेच ठेवतो, त्याच्यावर. पहिला निदान नफा तरी कमावतो. दुसरा काय कमावतो? सवाब? तेल लागलेल्या अंगाने वर्गाच्या कोपऱ्यात बसलेल्या मुलाला बाजूला सारून सवाब मिळत असेल, असे मला वाटत नाही.

मी विश्वस्तांना लेखी अर्ज दिला आहे. त्यात तीन मागण्या आहेत. शाळेच्या दिवशी सकाळी सहा ते आठ शादीखान्याचे अंगण मुलांना मिळावे, आणि त्यातले निम्मे दिवस फक्त मुलींना. खेळ झाल्यावर न्हाणीघरे वापरू द्यावीत; पाण्याच्या खर्चासाठी आम्ही शिक्षक दरमहा वर्गणी काढू. आणि शारीरिक शिक्षणाचा तास दुसऱ्या कोणत्याही विषयाला, माझ्या विषयालाही, देऊ नये. अर्जावर आठ शिक्षकांच्या सह्या आहेत. ज्या दोघांचा पगार शादीखान्याच्या भाड्यातून होतो त्यांनीही सह्या केल्या, हे मुद्दाम नोंदवतो. उत्तर अजून आलेले नाही. तुमच्या गावच्या उर्दू शाळेला, मराठी शाळेला, मदरशाला मैदान आहे का, हे तुम्ही आज संध्याकाळी जाऊन पाहा. नसेल तर तुम्हीही अर्ज करा. जागा नाही, असे उत्तर मिळाले तर विचारा की शादीखान्याला जागा कुठून आली.

जप्त केलेली बाटली मी ठराव मोडून त्या मुलाला परत दिली. शिकवणी सुटू नये म्हणून. देताना एवढेच म्हटले, "वर्गात मारू नकोस, मला शिंका येतात." तो हसला. बाटली अर्धी भरलेली होती. ती संपायच्या आत अंगणाचे कुलूप निघते का, ते आता मोठ्यांनी ठरवायचे आहे.